अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा

दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला की घरच्यांना हायसे वाटते. बिल भागवले, रिक्षा केली, माणूस जिवंत घरी आला. चार दिवस शेजारपाजार भेटून जातो, नारळपाणी-फळे येतात. पाचव्या दिवसापासून घरात उरतात दोघे: रुग्ण आणि त्याचे सगळे करणारी एक बाई. ज्याच्या अंगावरून वारे गेले आहे, एक बाजू लुळी पडली आहे, ज्याला आपले आपण कुशीवर वळता येत नाही, त्याच्यासाठी खरा कठीण काळ इथून सुरू होतो. पहिल्या झटक्यातून वाचलेली माणसे पुढे काही आठवड्यांनी, महिन्यांनी दगावतात, तेव्हा घरचे म्हणतात, ‘दुखणेच मोठे होते.’ पण जवळ जाऊन पाहिले तर बरेचदा पाठीला पडलेल्या जखमेतून जंतू रक्तात गेलेले असतात, नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झालेला असतो, नाहीतर लघवीच्या नळीतून ताप चढलेला असतो. या तिन्ही गोष्टी पुष्कळ अंशी टाळता येतात. त्या टाळण्याचे काम गोळी-इंजेक्शनाचे नाही, नर्सिंगचे आहे.

आम्ही जनरल नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षे वॉर्डात काढली. आता वस्त्यांमधून, विहारांमधून बायापुरुषांना हेच शिकवत हिंडतो. लोकांना वाटते, नर्सिंग म्हणजे सुई टोचणे, सलाईन लावणे, बीपी बघणे. तो त्यातला लहान भाग. व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन परिचारिकेने नर्सिंगची जी व्याख्या केली ती आम्हाला पहिल्या वर्षी शिकवली जाते. तिचा अर्थ असा, की अंगात ताकद, मनात उभारी आणि डोक्यात माहिती असती तर जे त्या माणसाने स्वतःच केले असते, ते त्याच्यासाठी करायचे, आणि तो लवकरात लवकर आपल्या पायावर उभा राहील अशा रीतीने करायचे. तिने अशा १४ गरजा मांडल्या. श्वास घेणे, खाणेपिणे, मलमूत्र विसर्जन, हालचाल, झोप, कपडे, अंगाची स्वच्छता, मनातले बोलून दाखवणे, काहीतरी काम करत राहणे वगैरे. यातली बहुतेक कामे घरात होण्यासारखी आहेत. फक्त ती रीतीने व्हायला हवीत.

आपल्याकडे या विषयाची परंपरा फार जुनी आहे. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे, वर्षावासात आपल्यापैकी अनेकांनी तो ऐकला असेल. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हते, कारण तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी डोके व पाय धरून त्याला उचलून मंचकावर ठेवले. हे आपण ऐकतो आणि करुणा म्हणून हात जोडतो. पण त्याच्या पुढचा भाग आम्हा परिचारिकांना अधिक महत्त्वाचा वाटतो. तिथे शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत: औषध तयार करता येणे, पथ्य काय, अपथ्य काय हे कळणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मल, मूत्र, उलटी काढताना किळस न करणे, आणि रुग्णाच्या मनाला धम्मकथेने उभारी देणे. पाचातले पहिले दोन माहितीचे आहेत. म्हणजे नुसते मन चांगले असून भागत नाही, ज्ञान लागते. अलीकडचे कोणतेही नर्सिंगचे पुस्तक उघडा, यापेक्षा वेगळी मांडणी सापडायची नाही.

चौथ्या गुणाबद्दल थोडे बोललेच पाहिजे. आपल्या देशात घाण काढण्याचे काम कोणाच्या गळ्यात बांधले गेले हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. रुग्णालयातही तीच उतरंड उतरली. डॉक्टर वर, सिस्टर मध्ये, मावशी आणि वॉर्डबॉय खाली, आणि बेडपॅन सर्वांत खालच्याच्या हाती. याचा तोटा रुग्णाला होतो. कसा, ते सांगतो. माणसाला स्वच्छ करण्याची वेळ हीच त्याचे पूर्ण अंग बघण्याची वेळ असते. कातडी कुठे दबली, शौचाचा रंग काळा तर नाही, लघवी कमी तर झाली नाही, पोटऱ्या सुजल्या का, हे सगळे तेव्हा दिसते. ‘ते मावशीचे काम’ म्हणणारी सिस्टर आणि ‘ते सुनेचे काम’ म्हणणारा मुलगा, दोघेही रुग्णाला अर्धाच बघतात.

हात

कोणत्याही कामाआधी हात धुवायचे, कामानंतर पुन्हा धुवायचे. हे इतके साधे आहे की लोक ऐकून सोडून देतात. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूती रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. तरी त्या काळच्या मोठमोठ्या डॉक्टरांना ते पटले नाही, आपले हात मळके असू शकतात हेच मान्य नव्हते. घरीही तसेच होते. मुलगा बाहेरून येतो आणि थेट वडिलांच्या तोंडात पाणी घालतो. साबण आणि वाहते पाणी, तळवे, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखे. सगळे मिळून ४० ते ६० सेकंद. बांगड्या वर सारायच्या, अंगठ्या काढायच्या. शौच काढल्यावर हात धुतले की लगेच जेवण भरवायला मोकळे असे नाही, भरवण्याआधी पुन्हा धुवायचे. आम्ही विहारात शिकवताना हाताला हळद चोळायला लावतो आणि मग धुवायला सांगतो. बेचक्यांत राहिलेला पिवळा रंग बघून जे कळते ते व्याख्यानाने कळत नाही.

पाठ

या धड्यातला सर्वांत मोठा भाग हाच आहे. आडवा माणूस हलला नाही की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, तिथले रक्त थांबते, आणि काही तासांतच कातडीखालचे मांस मरू लागते. आपण झोपेत नकळत कूस बदलतो म्हणून आपल्याला हे होत नाही. लकवा झालेल्या माणसाला त्या बाजूला दुखतच नाही, मग तो सांगणार कसा? जागा ठरलेल्या आहेत. माकडहाड, कमरेची दोन्ही बाजूंची हाडे, टाचा, घोटे, पाठीवरचे खवे, कोपर, डोक्याची मागची बाजू, आणि कुशीवर झोपवले तर कानाची पाळीसुद्धा. वाळलेल्या म्हाताऱ्या माणसाला हा धोका जास्त, कारण हाडावर मांसाची गादीच उरलेली नसते.

पुस्तकात लिहिलेले असते की पहिली खूण म्हणजे लाली, आणि ती बोटाने दाबली तरी जात नाही. हे गोऱ्या कातडीवर लिहिलेले आहे. आपल्या सावळ्या, काळ्या कातडीवर लाली दिसत नाही. म्हणून कित्येक घरांत आणि वॉर्डांतही पहिली पायरी कोणाला कळतच नाही, एकदम फोड नाहीतर उघडी जखम दिसते. आपल्या लोकांच्या कातडीवर काय पाहायचे ते लक्षात ठेवा. त्या जागेचा रंग शेजारच्या कातडीपेक्षा गडद, जांभळट किंवा राखाडी वाटतो. हात लावला तर ती जागा जास्त गरम किंवा गार लागते. कडक किंवा लिबलिबीत लागते. ज्याला संवेदना आहे तो तिथे हात लावला की कळवळतो. म्हणून पाठ नुसती बघू नका, हाताच्या पालथ्या बाजूने चाचपून बघा. दिवसाउजेडी, खिडकीजवळ, रोज एकदा तरी.

एका घरी आम्हाला बोलावले होते. आजींना मोठ्या रुग्णालयातून नवव्या दिवशी घरी सोडले होते. कागदावर झटक्याचे नाव होते, सहा गोळ्या होत्या, पुढची तारीख होती. पाठीबद्दल एक अक्षर नव्हते. सुनेने रोज मायेने स्पिरिट लावून चोळले, वर पांढरी पावडर टाकली. आम्ही पावडर पुसली तर माकडहाडावर रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग होता, आणि आत दाबले तर बोट खचत होते. वरून नाण्याएवढे दिसणारे आत वाटीएवढे असते. ती जखम भरायला चार महिने गेले. सुनेचा यात दोष नाही. चोळायला तिला दवाखान्यातच कोणीतरी सांगितले होते. जुन्या काळी आम्हालाही पाठ चोळायला शिकवत. आता आपल्याला माहीत आहे की दबलेल्या हाडावरची कातडी चोळली तर आतले नाजूक झालेले मांस आणखी फाटते. तेव्हा डाग दिसलेल्या जागी चोळायचे नाही. स्पिरिटने कातडी कोरडी पडून चिरते, तेही नको.

मग करायचे काय? दर दोन तासांनी कूस बदलायची. उजवी, उताणी, डावी. भिंतीवर कागद लावा आणि वेळ लिहा, नाहीतर दुपारच्या झोपेत चार तास कधी गेले ते कळत नाही. पूर्ण आडव्या कुशीवर झोपवू नका, त्याने सगळा भार कमरेच्या एका हाडावर येतो. पाठीमागे गोधडीची गुंडाळी किंवा उशी लावून थोडे तिरके ठेवा, साधारण ३० अंश. दोन्ही गुडघ्यांमध्ये मऊ उशी ठेवा. टाचा अधांतरी हव्यात, म्हणजे पोटरीखाली उशी आणि टाच हवेत. मध्ये भोक असलेली रबरी चकती किंवा पाणी भरलेले हातमोजे टाचेखाली ठेवण्याची पद्धत अजून दिसते. ते करू नका, चकतीच्या कडेने गोल भाग चेपला जाऊन मधल्या जागेचे रक्त आणखी तुटते.

हवेची गादी परवडली तर जरूर घ्या, भाड्यानेही मिळते. पण गादी आणली म्हणजे कूस बदलायला नको, असा समज पसरला आहे. गादी मदत करते, तुमची सुट्टी होत नाही. आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. साध्या गादीवर वेळेवर वळवलेल्या माणसाची पाठ आम्ही वर्षानुवर्षे स्वच्छ पाहिली आहे, महागड्या गादीवर न हलवलेल्याची सडलेली पाहिली आहे.

ओल हा दुसरा शत्रू. लघवी-शौचाने भिजलेली कातडी लवकर सोलवटते. डायपर लावलाच तर दोन-तीन तासांनी उघडून बघायचा, सकाळ-संध्याकाळपुरता नाही. कोमट पाण्याने धुवायचे, खसाखसा न पुसता टिपून घ्यायचे, वर खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलिनचा हलका हात. मेणकापड अंगाला थेट लागू देऊ नका, त्यावर सुती चादर हवी. जुने धुवट लुगडे याला फार उत्तम. चादरीची सुरकुती, पोळीचा चुरा, बटण, सेफ्टी पिन यांनीही जखम होते.

आणि खाणे. जखम भरते ती प्रथिनांवर. डाळ, अंडे, मासे, दूध, शेंगदाण्याचा कूट, ज्याला जे मिळेल आणि चालेल ते. ‘आजाऱ्याला जड नको’ म्हणून महिनाभर नुसती पेज देणारी घरे आम्ही पाहतो. पेजेने कातडी उगवत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिने किती द्यायची हे डॉक्टरांना विचारूनच.

उचलणे

माणूस खाली सरकला की दोघे जण बगलेत हात घालून त्याला वर ओढतात. त्याने दोन नुकसाने होतात. पाठीची कातडी गादीला चिकटून राहते आणि आतले मांस सरकते, म्हणजे न दिसणारी जखम. आणि लुळ्या हाताचा खांदा सांध्यातून निसटतो. लकव्याच्या रुग्णाला त्या हाताला धरून कधीही ओढू नका, उठवू नका. त्याऐवजी कंबरेपासून खांद्यापर्यंत एक आडवी चादर कायम अंथरून ठेवा. दोन बाजूंनी दोघांनी तिच्या कडा गुंडाळून घट्ट धरायच्या, ‘एक, दोन, तीन’ म्हणायचे, आणि ओढायचे नाही तर उचलून सरकवायचे. उचलणाऱ्याने गुडघे वाकवायचे, कंबर नाही. पलंगाला अंग लावून उभे राहायचे. सासूचे करता करता सुनेची कंबर कायमची गेली, असे किती घरांत झाले आहे! बाईच्या कंबरेची किंमत कोणी बिलात धरत नाही.

कपडे घालताना लुळा हात आधी घाला, काढताना चांगला हात आधी काढा. हे वाक्य पाठ करून ठेवा, रोजची अर्धी ओढाताण वाचेल. बसवल्यावर लुळा हात उशीवर ठेवा, लोंबकळू देऊ नका. खांदा, कोपर, मनगट, बोटे, घोटा हे सांधे दिवसातून दोन-तीन वेळा हळूहळू पूर्ण हलवायचे, दुखेल तिथे थांबायचे. फिजिओथेरपिस्ट एकदा तरी दाखवून देईल असे बघा.

जितके रुग्णाला स्वतः करता येईल तितके त्यालाच करू द्या. चांगल्या हाताने तोंड पुसणे, पेला धरणे, शर्टाचे बटण. वेळ लागेल, सांडेल. महात्मा जोतीराव फुले यांना १८८८ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढले. १८९० मध्ये ते गेले, पुस्तक १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या आजारपणात सावित्रीमाई त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्ण आणता आणता त्याच रोगाने त्या गेल्या. आपल्याकडे त्यांना शिक्षिका म्हणून मान आहे तो योग्यच आहे. आम्ही त्यांना आमच्याही पेशाच्या मानतो.

घास

झटक्यानंतर गिळण्याचे स्नायूही कमजोर होतात, हे घरच्यांना कोणी सांगत नाही. पडल्या पडल्या चमच्याने चहा पाजला जातो, तो गालातून ओघळतो, आणि थोडा फुप्फुसात उतरतो. चौथ्या दिवशी ताप, धाप, छातीत घरघर. म्हणून पहिला नियम: झोपवून काहीही भरवायचे नाही. पाठ ताठ, बसता येईल तितके सरळ, हनुवटी किंचित खाली. चमचा लहान. तोंडाच्या चांगल्या बाजूला घास ठेवायचा. गिळलेला दिसल्याशिवाय पुढचा नाही. मध्ये बोलायला लावायचे नाही, टीव्ही बंद. जेवणानंतर अर्धा तास तसेच बसवून ठेवायचे, आणि लुळ्या गालात घास साठला आहे का ते बघून तोंड साफ करायचे.

खाताना ठसका लागतो, आवाज ओला-घोगरा होतो, डोळ्यांत पाणी येते, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. पातळ पाणी सर्वांत धोक्याचे असते हे लोकांना विचित्र वाटते, पण तसेच आहे. दाटसर पेज किंवा घट्ट खिमट गिळणे त्यापेक्षा सोपे जाते. काय चालेल हे तपासूनच ठरवावे. नाकातून नळी असेल तर भरवताना आणि नंतर डोक्याकडची बाजू उंच, आधी व नंतर थोडे पाणी सोडून नळी धुवायची, आणि नळी बाहेर सरकलेली वाटली तर त्यातून थेंबही घालायचा नाही. नळी असली तरी तोंड घासायचेच, दिवसातून दोनदा. नळीवर असलेल्या माणसाच्या तोंडात जंतू जास्त वाढतात.

लघवीची नळी असेल तर पिशवी कायम कंबरेच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. माणसाला हलवताना पिशवी त्याच्या पोटावर ठेवतात, तेव्हा जुनी लघवी उलटी आत जाते. पिशवी पूर्ण भरेपर्यंत थांबू नका. नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडू नका. लघवी गढूळ, दुर्गंधीची किंवा रक्तमिश्रित झाली, थंडी वाजून ताप आला, नाहीतर लघवी येणेच बंद झाले, तर उशीर न करता दवाखाना. आणि दर भेटीला एक प्रश्न विचारा, ‘ही नळी अजून लागणार आहे का?’ कित्येक नळ्या केवळ कोणी विचारले नाही म्हणून आत राहतात.

वही

फ्लोरेन्स नाइटिंगेल हिच्या १८५९ च्या नर्सिंगवरच्या पुस्तकात सगळ्यात जोर आहे तो निरीक्षणावर. आणि महावग्गात रुग्णाचेही पाच गुण सांगितले आहेत, त्यातला एक असा की त्याने आजार जसा आहे तसा सांगावा: वाढतो आहे तर वाढतो आहे, उतरतो आहे तर उतरतो आहे, तसाच आहे तर तसाच आहे. आमच्या ड्युटी-बदलाच्या वेळचा रिपोर्ट म्हणजे हेच तर असते! ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने हे घरच्यांनी लिहायचे. शंभर पानी वही आणा. तारीख, ताप, नाडी, श्वास, बीपी, किती खाल्ले, किती प्यायले, लघवी, शौच, पाठ. मोठ्या माणसाची नाडी शांत असताना मिनिटाला ६० ते १०० असते, श्वास १२ ते २०. श्वास मोजताना त्याला सांगू नका, मनगट धरून नाडी बघितल्यासारखे करा आणि छाती बघा. श्वास ३० च्या घरात गेला, माणूस पेंगुळला किंवा एकदम बरळू लागला, तर तापाची वाट बघू नका. म्हाताऱ्या माणसाला मोठा संसर्ग होऊनही ताप येत नाही, नुसता तो ‘वेगळाच वागतो’.

औषधांसाठी आम्हाला शिकवलेले पाच प्रश्न घरीही चालतात. योग्य माणूस, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. एकाच घटकाच्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या दोन डॉक्टरांनी दिल्या आणि घरच्यांनी दोन्ही चालू ठेवल्या, हे नेहमीचे आहे. म्हणून वेष्टनावरचे बारीक अक्षरातले मूळ नाव वाचा किंवा कोणाकडून वाचून घ्या. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून देण्याआधी विचारा, काही गोळ्या कुटायच्या नसतात. बीपीची गोळी ‘आता नॉर्मल आहे’ म्हणून बंद करायची नाही. गोळीमुळेच ते नॉर्मल आहे.

दुसरा झटका येऊ शकतो. चेहरा एका बाजूला वाकडा, हात वर धरला तर खाली पडतो, बोलणे अडखळते किंवा बंद, यातले एक जरी अचानक झाले तरी घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. गुठळीमुळे झटका आला असेल तर ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय कळत नाही, त्यामुळे घरी ॲस्पिरिन देऊ नका. पाणी पाजू नका. आणि कबुतराचे रक्त चोळायला किंवा अमक्या गावची लकव्याची पुडी आणायला त्या वेळात कोणी गाडी वळवू नये. या साडेचार तासांत अशा गाड्या किती वळल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

एका घरात एकाला झटका आला म्हणजे बाकीच्यांनीही बीपी आणि साखर तपासून घ्यायला हवी. तीस वर्षांवरील सर्वांची ही तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. तंबाखू, मिशरी, विडी, ताटातले लोणचे-पापड आणि वरून घेतलेले मीठ, यांची चर्चा रुग्णाच्या खाटेभोवतीच करा, तेव्हा माणसे ऐकतात.

आता राहिले कोण करणार. एकाच बाईने २४ तास दर दोन तासांनी उठणे अशक्य आहे. आम्ही घरी गेलो की आधी माणसे मोजतो. मुलगा, नातू, दीर, शेजारचा कॉलेजचा पोरगा. रात्री १०, १२ आणि २ ची कूस पुरुषांनी बदलायची, पहाटे ४ आणि ६ ची बायकांनी, असा कागद बनवून भिंतीला लावतो. एका वस्तीत विहारातल्या तरुणांनी असे तीन रुग्ण वाटून घेतले. पहिल्या दिवशी पोरे बेडपॅन धरताना तोंड फिरवत होती, महिन्याभराने ती आम्हालाच चादर नीट ओढली नाही म्हणून टोकू लागली.

शेवटी डिस्चार्जच्या दिवसाचे. सरकारी वॉर्डात रात्रपाळीला एका सिस्टरकडे चाळीस-चाळीस रुग्ण असतात, ते आम्ही भोगले आहे. तिच्यावर चिडून काही होत नाही, पण आपला हक्क सोडायचाही नाही. सामान बांधण्याआधी सिस्टरला म्हणा, ‘ताई, आमच्या देखत एकदा कूस बदलून दाखवा, एकदा भरवून दाखवा, आणि आता आमच्याकडून करून घ्या.’ पाठ उघडून दोघांनी मिळून बघा, डाग असेल तर कागदावर लिहून घ्या. नळी कधी बदलायची, टाके कधी काढायचे, कोणती गोळी किती दिवस, कोणत्या खुणा दिसल्या तर परत यायचे, फोन कोणाला करायचा, हे विचारून वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. सर्व कागदांच्या झेरॉक्स प्रती काढून एका पिशवीत ठेवा, अपंगत्व प्रमाणपत्राला आणि निराधार योजनेच्या अर्जाला त्या लागतात. गाडीत बसवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका, आणि घरी पोचल्यावर किती वाजता कोणत्या कुशीवर झोपवले ते लिहा.